इंदूअक्कांची बॅटरी

आईच्या लॅपटॉपची बॅटरी चौथ्या दिवशीही चालूच होती, आणि मी घाबरले.

तुम्ही म्हणाल, बाईला वेड लागलंय. बॅटरी जास्त टिकली म्हणून कुणी घाबरतं का? सांगते. पण त्याआधी माझं दुकान, तो प्रोसेसर आणि माझी आई, या तिघांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही.

मी स्मितल मगदूम. सांगलीत विश्रामबागेला माझं लॅपटॉपचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आत येतं आणि खुर्चीत टेकायच्या आधी विचारतं, "बॅटरी किती दिवस चालते?" पूर्वी तास विचारायचे. पण आता सगळं शहर उन्हावर चालतं. दिवसा साठवलेली वीज संध्याकाळी सहानंतर पाण्याच्या मोटारींना, दिव्यांना आणि दवाखान्यांना जाते. सहा ते सकाळी सात घरातला चार्जर चालत नाही म्हणजे नाही. मग माणसं बॅटरीला जपणार नाहीत तर काय करतील? मी सगळ्यांना एकच उत्तर देते. "ते माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. तुम्ही कसे आहात, ते सांगा."

प्रोसेसर दोनच. कंपन्यांनी त्यांना भारी भारी नावं दिलीत, ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत. माझ्याकडे दुरुस्ती बघणारे रफिकभाई एकाला हिशेबवाला म्हणतात आणि दुसऱ्याला अंदाजवाला, आणि आता अख्ख्या सांगलीत तीच नावं चालतात. हिशेबवाला तुम्ही बटण दाबलं की मग कामाला लागतो. नऊ तास चालतो आणि मान टाकतो. अंदाजवाला बारा दिवस चालतो, चौदा दिवस चालतो.

आता यातली गोम ऐका. प्रोसेसरने अंदाज बांधणं हे काही नवीन नाही. माझ्या लहानपणचे प्रोसेसरही बांधायचे. प्रोग्रॅमला दोन फाटे फुटले, की कुठला खरा याची वाट बघत न बसता एक फाटा धरून पुढे जायचे. बरोबर निघाला तर वेळ वाचला, चुकला तर केलेलं पुसायचं आणि पुन्हा करायचं. अंदाजवाल्याने हेच पुढे नेलं. त्याच्यात स्मरणाचा एक थर असतो आणि तो प्रोग्रॅम शिकत नाही, माणूस शिकतो. कुठल्या शब्दानंतर तुमचं बोट कुठे जातं, कुठे अडता, काय खोडता, दुपारी चहानंतर काय उघडता. आणि तुम्ही करायच्या आधीच तो ते काम करून ठेवतो. सावकाश करतो, सगळी मेख तिथे आहे. घाईत काम करायचं तर चिपला व्होल्टेज जास्त लागतं, आणि व्होल्टेज दुप्पट झालं की वीज चौपट जाते. सवड असेल तर तेच काम थोडक्यात भागतं. चार माणसं जेवायला येणार हे सकाळीच कळलं तर मंद आचेवर सगळं निगुतीने होतं. तीच माणसं न सांगता दारात उभी राहिली, की दोन्ही शेगड्या मोठ्या करून धावपळ. इथे तसंच. ज्याला प्रोसेसर ओळखतो, त्याची बॅटरी टिकते. जो त्याला चकवतो, त्याची संपते.

लोकांनी याचं काय करून ठेवलं ते विचारू नका. लग्नाच्या माहितीपत्रकात उंची, शिक्षण आणि खाली "बॅटरी बारा दिवस". मुलीचा बाप म्हणतो, नऊच्या खालचं स्थळ नको, मुलगा चंचल असणार. एक बँकेतले गृहस्थ दुकानात छाती फुगवून सांगत होते, "एकवीस दिवस, मॅडम!" त्यांची बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "मला विचारायचं की, चिप कशाला हवी होती?"

आणि माझी आई होती दीड दिवसाची.

आई म्हणजे इंदुमती मगदूम. वय चौऱ्याहत्तर. सांगली-मिरजेत तिला इंदूअक्का म्हणून ओळखतात आणि ती उखाणे करून देते. हसू नका. लग्न, डोहाळजेवण, बारसं, संक्रांतीचं हळदीकुंकू, बायका महिना महिना आधी सांगून ठेवतात. माझे वडील, आण्णा, गेले त्या वर्षी तिने हे सुरू केलं आणि पहिल्या दिवसापासून एक नियम पाळला. एक उखाणा एकाच बाईला. तो परत कुणाला द्यायचा नाही. आधी ती त्या मुलीला अर्धा तास समोर बसवायची, काम काय करतेस, सासर कसं आहे, नवरा चिडला की काय करतो, सगळं विचारायची. रक्त तपासणाऱ्या एका मुलीला तिने दिला होता,

दिवसभर तपासते रक्त, चुकत नाही गट,
श्रीपादराव समोर आले, की सुटते केसांची बट.

आणि वीज मंडळात खांबावर चढणाऱ्या मुलीला,

खांबावर चढते मी, कमरेला बांधून दोर,
निहालराव म्हणतात खालून, "पड गं, आहे मी समोर!"

चांदीचं ताट, नाशिकची द्राक्षं आणि हिमालयाचा बर्फ, या तिघांना आमच्या घरात बंदी होती. "ते सगळं वापरून वापरून गुळगुळीत झालंय. त्यात आता ना नवरा दिसतो ना बायको," आई म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी लॅपटॉप मीच निवडला. तिच्या अटी दोन. अक्षरं मोठी हवीत आणि बोललेलं आपोआप टाइप व्हायला हवं, कारण बोटं दुखतात. मराठी बोलणं इंटरनेटशिवाय समजणारी सोय अंदाजवाल्यातच होती. शिवाय ती गावोगावच्या लग्नांना जाणार, तिथे कार्यालयात प्लग शोधत कोण फिरणार? मी डोळे मिटून अंदाजवाला घेतला. तर तो तिच्याकडे दीड दिवसात मान टाकायला लागला. मला वाटलं, मशीनच खराब. रफिकभाईंनी तपासलं आणि हसत सुटले. "ताई, मशीन ठणठणीत आहे. अक्का त्याला चकवतात. पुढचा शब्द काय येणार, बिचाऱ्याला पत्ताच लागत नाही." खरं सांगते, मला त्या दीड दिवसाचा माज चढला होता. येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगायचे.

म्हणून त्या चौथ्या दिवशी मी घाबरले.

मी आधी स्वतःची समजूत घातली. आई कमी वापरत असेल. तास बघितले, तेवढेच होते. मग म्हटलं, दोन वर्षं झाली, प्रोसेसर शिकला असेल. पुढच्या आठवड्यात सहा दिवस झाले. मी लॅपटॉप उचलून दुकानात नेला.

रफिकभाईंनी तो उघडून पडद्यावर एक आलेख काढला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय ते सांगा, भाई. माझा जीव टांगणीला लागलाय."

"दोन वर्षं शंभरातले तीस अंदाज बरोबर येत होते, ताई. दिवाळीपर्यंत तीसच. आता अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे तो शिकला."

"शिकायचं तर हळूहळू शिकला असता. हा एकदम चढलाय." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तो आहे तसाच आहे. अक्का बदलल्यात."

मी त्या महिन्याचे उखाणे उघडले. अकरा होते. त्यातल्या सात उखाण्यांत चांदीचं ताट होतं.

मी आईला काही बोलले नाही. काय बोलणार? आई, तुझी बॅटरी फार टिकते? घरी आल्यावर ती नेहमीसारखी भाकऱ्या थापत होती, नेहमीसारखी बोलत होती. "उशीर का गं?" म्हणाली. मी हातपाय धुऊन आले तर पुन्हा म्हणाली, "उशीर का गं?" माणसं दोनदा विचारतातच की! मीही विचारते. पण त्या दिवसापासून मी मोजायला लागले, आणि एकदा मोजायला लागलं की सुटका नसते.

मग बुधगावच्या आवटींकडचं लग्न झालं. त्यांच्या धाकट्या सुनेला, मृणालला, उखाणा आईने दिला होता. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती मुलगी आमच्या दारात. हातातला चुडाही उतरला नव्हता आणि डोळे रडून सुजलेले.

"अक्का, तुम्ही असं का केलंत?"

आई गोंधळली. "काय केलं बाई मी?"

मृणालने उखाणा म्हणून दाखवला.

आवटींच्या घरात चार कुलपं, किल्ल्या सासूच्या कमरेला,
संकेतराव म्हणाले हळूच, "खिडकी ठेवलीय आपल्या नावाला."

"चांगला आहे की," आई म्हणाली. "हसले असतील सगळे."

"हसले ना! पोट धरून हसले. माझ्या जावेने मागच्या वर्षी हाच घेतला होता. संकेतच्या जागी निनादराव, एवढाच फरक. माझी मोठी नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, 'नवरी नवी, उखाणा जुना!' सासूबाई तर घरी गेल्यावर म्हणाल्या, एवढंही स्वतःचं आणता आलं नाही का."

आईचा चेहरा तापला. "तुझ्या जावेने चोरला असेल माझ्या वहीतून. हल्लीच्या पोरींचा काही भरवसा नाही."

"अक्का," मृणाल आता रडत नव्हती, घाबरली होती. "तिने मागच्या वर्षी घेतला. तुम्ही स्वतः पहिल्या रांगेत बसला होता. तुम्हीच टाळ्या वाजवल्या."

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, मी काहीतरी बोलेन, सावरून घेईन. पण मी मृणालची माफी मागितली, तिला चहा पाजला आणि रिक्षापर्यंत सोडलं. परत आले तर आई कपाटातली आपली जुनी वही काढून पानं उलटत बसली होती. बोटं दुखली तरी दिलेला प्रत्येक उखाणा ती त्यात उतरवून ठेवायची. तो उखाणा तिथे होता, तिच्याच अक्षरात, गेल्या वर्षीच्या तारखेसह. तिने वही मिटली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला मिरजेला डॉक्टर सरोज मेंढे यांच्याकडे नेलं. त्या मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी आईला घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, डोक्याचे फोटो काढले. मग आईला बाहेर बसवून मला आत बोलावलं.

"तुम्हाला कशावरून शंका आली?" त्यांनी विचारलं.

"बॅटरीवरून," मी म्हटलं आणि मलाच लाज वाटली.

त्या हसल्या नाहीत. "हल्ली माझे निम्मे पेशंट बॅटरीवाले असतात. घरच्यांच्या लक्षात यायच्या आधी त्या चिपच्या लक्षात येतं. मेंदूलाही नवी वाट पाडायला ताकद लागते हो. ती कमी पडायला लागली, की तो रुळलेल्या वाटेनेच जातो. तेच शब्द, तेच प्रश्न. तुम्ही लवकर आलात हे चांगलं झालं. औषधाने वेग कमी होईल."

"थांबणार नाही?"

"थांबणार नाही." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "त्यांना नवं काहीतरी करायला लावा. नवं गाणं, नवा रस्ता, नवी माणसं. पण मागे लागू नका. त्यांना परीक्षेला बसवल्यासारखं वाटता कामा नये."

यातला पहिला सल्ला मी ऐकला. दुसरा ऐकलाच नाही.

आईला मी एवढंच सांगितलं की थोडा विसरभोळेपणा आहे, गोळ्या घ्यायच्या. तिने मान हलवली आणि काही विचारलं नाही. ती बाई भोळी नव्हती, तिला कळलं असणार. पण आम्ही दोघींनी तो विषय ताटाखाली झाकून ठेवला.

आणि मी तिच्या मागे लागले. कशी लागले म्हणून सांगू! रोज फिरायला नवा रस्ता. कन्नड अक्षरं गिरवायची. पत्त्यांचे नवे डाव. डाव्या हाताने भाकरी थापायची. टीव्हीवर रोज वेगळी बातमी बघायची आणि मला सांगायची. आणि रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात बघायचे, बॅटरी एकदा भरली की किती दिवस पुरते तो आकडा तिथे असतो. नऊ दिवस. दहा दिवस. एकदा आठ झाले तर मी आनंदाने शिरा केला. दोनच दिवसांनी अकरा. त्या आकड्याने माझी झोप, माझी भूक, सगळं ताब्यात घेतलं. दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, "चौदा दिवसवाला दाखवा," आणि मला त्याला खुर्चीतून उठवून बाहेर काढावंसं वाटायचं.

एका सकाळी मी स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले. जिऱ्याच्या जागी साखर, डाळीच्या जागी चहा. मेंदूला व्यायाम, आणखी काय? दुपारी काहीतरी विसरलं म्हणून घरी आले तर आई ओट्यासमोर उभी होती. हातात रिकामं पातेलं. किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "स्मितल, हे आपलंच घर आहे ना गं?"

मी तिथल्या तिथे सगळे डबे पुन्हा जागेवर लावले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तरी आकड्यावरचा डोळा काही हटला नाही. वर आणखी एक शहाणपण सुचलं. अंदाजवाल्यात "पुढचं सांग" नावाची एक सोय असते. ती चालू केली की प्रोसेसर आपला अंदाज मनात ठेवत नाही, पडद्यावर दाखवतो. मी म्हटलं, याने दोन वर्षांतले तिचे सगळे उखाणे बघितलेत. तिला धागा सापडत नसेल तर हा देईल. तिची कामंही सुटतील आणि मानही राहील.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझंच उष्टं मला वाढणार होय?"

"आई, तसं नाही गं..."

"तसंच आहे. आणि दुसरं सांगते. दोन महिने झाले, तू माझ्याकडे बघितलेलं नाहीस. घरात शिरतेस आणि त्या कोपऱ्यात बघतेस. मी तिथे नाही, इथे बसलेय."

ती सोय मी चालू केली नाही. दोन दिवस तिच्या तोंडाकडे बघून बोलले. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोपऱ्यात बघितलं. अकरा.

मग एका मंगळवारी ते घडलं. बॅटरी संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी आईचा लॅपटॉप चार्जिंगला लावून, पूर्ण भरून दुकानात जायचे. किती दिवस चालते हे नीट कळावं म्हणून ती संपेपर्यंत पुन्हा लावायची नाही, असा माझा शिरस्ता. सोमवारी भरलेली बॅटरी मंगळवारी दुपारी संपली. आईनेच फोन केला. "अगं, हा बंद पडला. माझं अर्धं राहिलंय."

"बंद पडला? आपोआप?"

"मग काय मी लाथ मारली?"

दीड दिवस! मी फोन ठेवला आणि रफिकभाईंना मिठीच मारायची बाकी ठेवली. "भाई, दीड दिवस! गोळ्या लागू पडल्या!" तेही खूश झाले. डोळे पुसत म्हणाले, "अल्लाची मेहेरबानी. जा ताई, तुम्ही घरी जा. मी बघतो इकडचं." मी डॉक्टरीणबाईंना निरोप टाकला. वाटेत अर्धा किलो पेढे घेतले. रिक्षावाल्याला एक दिला, तो म्हणाला, "कशाचे ताई?" मी म्हटलं, "आईची बॅटरी संपली." त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

घरी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. चार्जर बंद व्हायला अर्धा तास. आई टेबलाशी बसली होती आणि किती तरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता. गाल लाल, केस विस्कटलेले. उखाणा जमला की ती अशीच दिसायची.

"आलीस? लाव बाई आधी तो चार्जर. आज काय सुचत होतं म्हणून सांगू! बोलायला तोंड पुरेना. चार महिन्यांनी मनासारखं झालंय."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढून चार्जर लावला. पडदा उजळला. अक्षरं नेहमीसारखी मोठी, दोन हात लांबूनही वाचता येतील अशी. मी वाचलं.

पायरीला मंगळवार तांदूळ, निळी चावी सात,
रावांचं रावांचं पाणी खाली गं, ऊन मला हात.

त्याखाली तशाच आणखी ओळी. पानंच्या पानं. सगळे शब्द ओळखीचे होते, एकही चुकीचा लिहिलेला नव्हता. ताल होता, कुठे कुठे यमकही होतं. फक्त त्यात कुणी नव्हतं. ना नवरा, ना बायको, ना घर.

मी एकवीस वर्षं हे प्रोसेसर विकतेय आणि साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. चिपला शब्दांचा अर्थ कळत नाही. तिला एवढंच कळतं, की आपला अंदाज लागला किंवा चुकला. नवा उखाणा आला तरी अंदाज चुकतो. आणि डोक्यातले धागे सुटून शब्द सैरावैरा पळायला लागले, तरी तो तेवढाच चुकतो. दोन्हीला बॅटरी सारखीच जाते. दोन्हीला दीड दिवस. डॉक्टर ज्याला पुढची पायरी म्हणतात ती आली होती, आणि मी तिचे पेढे वाटत आले होते.

"पेढे कसले गं?" आईने पुडा उघडलाही होता.

"असेच," मी म्हटलं.

"असेच कुणी पेढे आणतं का? बरं, ते राहू दे. वाच बघू मोठ्याने. मला ऐकायचंय."

मला पळून जावंसं वाटलं. पण ती पेढा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वाचलं. जसं तिने शेकडो मुलींना शिकवलं तसं वाचलं, पहिली ओळ सरळ, मग नावाआधी जरासं थांबून, मग दुसरी ओळ. पायरीला मंगळवार तांदूळ, निळी चावी सात.

आईच्या कपाळावर आठी पडली. "थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"हा कुणी केलाय?" तिने विचारलं. ती चिडवत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. पाच मिनिटांपूर्वीचं सगळं पुसलं गेलं होतं, पण कान तोच होता, इंदूअक्कांचा. "याला ना आगा ना पिछा. नुसती खडखड आहे. यात माणूस कुठाय? कुणी दिला हा?"

मी तिला काय सांगू? तूच केलास म्हणू? पडदा माझ्यासमोर होता, तिच्यासमोर नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि लपवायला जागा नव्हती.

"मी केलाय, आई," मी म्हटलं.

ती एकदम विरघळली. पेढा पुड्यात ठेवून माझा हात धरला. "अगं वेडे, रडतेस काय? तू केलास हे मला काय माहीत? मी म्हटलं कुण्या टवळीने पाठवलाय." ती हसली. "पहिलाच आहे ना? पहिला असाच होतो. मी तर पहिला फाडूनच टाकला होता. ये, बस इथे. मी शिकवते."

"मला नाही येणार, आई."

"का नाही येणार? माझी मुलगी ना तू? ते यंत्र बंद कर आधी. त्याच्याकडे बघत बसलं की काही सुचत नाही."

मी लॅपटॉप मिटला. कोपऱ्यात किती आकडा होता, मी बघितलं नाही. आईने कागद ओढला, पेन माझ्या हातात दिलं आणि ताठ बसली. गिऱ्हाईक समोर असलं की बसायची तशी.

"हं. आधी सांग, नाव कुणाचं घ्यायचंय?"

झाली का पंचाईत! मी लग्न केलेलं नाही. कुणाचं नाव सांगणार? ती तर वाट बघत होती, आणि तिला थांबवायचं नव्हतं, हा धागा तुटला तर पुन्हा लागेल की नाही कोण जाणे. माझ्या तोंडून वडिलांचंच नाव निघून गेलं. आमच्या आण्णांचं.

"भूपालराव," मी म्हटलं.

आई दचकली. पदर सावरला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि तिने माझ्या हातावर एक चापट मारली.

"चूप! ह्यांचं नाव असं नुसतं घेतात होय? आधी ओळ जुळव."